स्कीन्सला विकण्याआधी वर्षं मोजा : पायरेट्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्या, पिट्सबर्ग सोडल्यावरही तिथला बेसबॉल संघ पायरेट्स न सुटलेल्या आणि पुण्या-मुंबईत पहाटे चारला उठून त्याचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्सची पिचिंग बघणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. २०२६ चा हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. वाद घालायला हवा तेवढा वेळ आहे आणि वादही नेहमीचे दोनच आहेत. एक गट म्हणतो, स्कीन्सला आत्ताच विका, पाच-सहा तगडे प्रॉस्पेक्ट (होतकरू तरुण खेळाडू) घ्या आणि डाव नव्याने मांडा. दुसरा म्हणतो, खेळाडू कसले विकता, मालक बॉब नटिंग यांनी संघच विकून टाकावा. राग दोघांचाही खरा आहे. हिशेब मात्र दोघांचाही कच्चा आहे, आणि कच्च्या हिशेबावर ओरडणाऱ्या चाहत्यांना गुंडाळणं क्लबला फार सोपं जातं.

आपल्यातल्या बहुतेकांना संघबांधणी कळली ती आयपीएलच्या लिलावातून. तिथे पर्स सगळ्यांची सारखी. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक फ्रँचायझीला १२० कोटी रुपये होते. लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी लावले, मग बाकीचा संघ उरलेल्या पैशांतच बसवावा लागला. मेजर लीगमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या तीस क्लबांच्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, असं काही नाही. संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही आणि किमान खर्चाचं बंधनही नाही. आहे ती फक्त कराची रेषा : २०२५ साठी २४ कोटी १० लाख डॉलर, २०२६ साठी २४ कोटी ४० लाख. ती ओलांडली तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५० टक्के कर, आणि रेषेच्या फारच पुढे गेलात तर त्यावर आणखी अधिभार. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ साठी भरलेला नुसता कर १० कोटी डॉलरच्या वर होता. पायरेट्सचा २०२५ चा अख्खा पेरोल (खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च) त्याहून कमी होता.

शिवाय डॉजर्सचे वकीलही हुशार. शोहेई ओहतानीचा करार १० वर्षांचा, ७० कोटींचा, पण त्यातले ६८ कोटी बिनव्याजी, २०३४ ते २०४३ मध्ये द्यायचे. त्यामुळे करासाठी त्याची वर्षाची किंमत ७ कोटी धरली जात नाही, ४ कोटी ६० लाखांच्या आसपास धरली जाते. तेव्हा ‘डॉजर्ससारखा खर्च करा’ या मागणीला अर्थ नाही. ती मागणी ऐकली की पायरेट्सच्या ऑफिसात सुटकेचा निःश्वास पडत असणार, कारण तिला उत्तर द्यावंच लागत नाही.

उत्तर द्यावं लागेल ते मिलवॉकीबद्दल विचारलं तर. तिथले ब्रुअर्स आपल्याच विभागातले, आणि मिलवॉकीची टीव्ही बाजारपेठ पिट्सबर्गहून लहान. त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्स हा आपला सर्वोत्तम पिचर बाल्टिमोरला दिला. तो आणखी एकच वर्ष क्लबच्या ताब्यात राहणार होता. बदल्यात जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) ३४ वा क्रमांक घेतला. त्या वर्षी ते ९३ सामने जिंकले, २०२५ मध्ये ९७, म्हणजे तिसांत सर्वाधिक. पायरेट्स त्याच दोन वर्षांत ७६ आणि ७१. जॅक्सन चौरिओ एकही मेजर लीग सामना खेळला नव्हता, तेव्हाच डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी त्याच्याशी ८ वर्षांचा ८ कोटी २० लाखांचा करार केला. आणि ज्याची सल आपल्याला असायला हवी तो क्विन प्रीस्टर : २०१९ चा पायरेट्सचा पहिल्या फेरीतला पिचर. जुलै २०२४ मध्ये आपण तो निक यॉर्कच्या बदल्यात बॉस्टनला दिला, बॉस्टनकडून एप्रिल २०२५ मध्ये ब्रुअर्सनी घेतला, आणि त्या हंगामात त्याने १३ जिंकले, ३ हरले. मिलवॉकी ‘विकतं’ ते आपल्यापेक्षा कमी नाही. फरक इतकाच की विकलेल्याच्या जागी कोण उभं राहणार हे त्यांनी आधी ठरवलेलं असतं.

आता स्कीन्स. कुठल्याही ट्रेडवर (खेळाडूंच्या अदलाबदलीवर) तोंड उघडण्याआधी खेळाडू अजून किती वर्षं संघाच्या ताब्यात आहे ते बघायचं. नाव, होमरन (चेंडू कुंपणापलीकडे मारणं), ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या सरासरी धावा, कमी तितक्या चांगल्या) सगळं नंतर. हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो. त्यातले १७२ दिवस खेळाडू मेजर लीगच्या यादीत राहिला की सेवेचं एक वर्ष भरतं. अशी तीन वर्षं भरेपर्यंत पगार किमान वेतनाच्या आसपास (२०२६ साठी किमान ७ लाख ८० हजार डॉलर). तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान आर्बिट्रेशन : संघ एक आकडा सांगतो, खेळाडू एक सांगतो, तडजोड झाली नाही तर लवाद त्या दोनांपैकी एकच उचलतो, मधला आकडा काढत नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही क्लबशी करार करायला मोकळा.

या १७२ दिवसांवरून काय काय राजकारण होतं ते पाहा. २०१५ मध्ये शिकागो कब्जनी क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलपर्यंत मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये) ठेवलं. हंगामअखेर त्याचे १७१ दिवस झाले. एका दिवसाने वर्ष हुकलं आणि क्लबला तो एक वर्ष जास्त मिळाला. तक्रार झाली, ब्रायंट हरला. ही चलाखी थांबावी म्हणून क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात दोन तरतुदी आल्या. ‘रूकी ऑफ द इयर’ (सर्वोत्तम नवोदित) पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला दिवस कमी भरले तरी पूर्ण वर्ष मिळतं. आणि नामांकित प्रॉस्पेक्टला जो क्लब सुरुवातीपासून खेळवतो, त्याला खेळाडूने तो पुरस्कार जिंकल्यास ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीनंतर एक जादा निवड मिळते. सिअ‍ॅटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे ती मिळाली.

पायरेट्सनी स्कीन्सला मेजर लीगमध्ये आणलं ११ मे २०२४ ला. तो १.९६ ईआरएने ‘रूकी ऑफ द इयर’ झाला, त्याला पूर्ण वर्ष मिळालं, म्हणजे क्लबचं वाचवलेलं वर्ष गेलं. आणि सुरुवातीपासून खेळवला नव्हता म्हणून जादा निवडही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. (न्याय म्हणून हेही सांगायला हवं की ड्राफ्ट झाल्यापासून त्याने मायनर लीगमध्ये मोजक्याच इनिंग टाकल्या होत्या. हाताला जपणं हे कारण अगदीच बनावट नव्हतं.)

तर त्याचा हिशेब असा : २०२६ अजून स्वस्तातलं वर्ष, २०२७, २८, २९ आर्बिट्रेशनची. २०२९ च्या हंगामानंतर मोकळा. चार पूर्ण हंगाम. २०२५ मध्ये त्याने १.९७ ईआरए ठेवून साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) एकमताने जिंकला आणि क्लबने त्याला त्या वर्षी दिले ८ लाख ७५ हजार डॉलर. साय यंगबद्दलचे २५ लाख आले ते तिसही क्लबांनी मिळून भरलेल्या बोनस निधीतून. इतका स्वस्त आणि इतका चांगला पिचर जगात दुसरीकडे नाही, आणि स्वस्तपणा हाच पायरेट्सचा जाहीर धर्म असेल तर त्याला आत्ता विकणं त्या धर्मातही बसत नाही.

‘पण बदल्यात काय काय मिळेल!’ हा विका-गटाचा मुद्दा. त्यासाठी वॉशिंग्टनचं उदाहरण ताजं आहे. २ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या नॅशनल्सनी अडीच वर्षं हातात असलेला हुआन सोटो हा फलंदाज सॅन डिएगोला दिला, सोबत जॉश बेलही. बदल्यात सीजे एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसल, हार्लिन सुसाना आणि ल्यूक व्हॉइट. अशा व्यवहारात याहून चांगला परतावा मिळणं कठीण : एब्रम्स २०२४ ला ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला, वुड आणि गोर २०२५ ला. तिन्ही डाव लागले. तरीही २०२५ मध्ये वॉशिंग्टन ६६ जिंकले आणि ९६ हरले, व जुलैमध्ये जनरल मॅनेजर आणि मॅनेजर दोघांनाही घरी पाठवलं गेलं. तीन ऑल-स्टार मिळवूनही संघ होत नाही, कारण उरलेल्या २३ जागा कोणीतरी भराव्या लागतात.

पायरेट्सना तर तेवढाही परतावा मिळण्याची खात्री नाही. इथे थोडं थांबून जुने दोन व्यवहार उलगडायला हवेत, कारण त्यांतली चूक किमतीची नव्हती, मालाची पारख नसण्याची होती. जानेवारी २०१८ : गेरिट कोल ह्यूस्टनला. दोन वर्षं ताब्यात होती, वेळ वाईट नव्हती. मिळाले जो मसग्रोव्ह, कॉलिन मोरान, मायकेल फेलिझ, जेसन मार्टिन. २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये कोलचा ईआरए ४.२६ होता. ह्यूस्टनने त्याचा सिंकर (खाली बुडणारा चेंडू) जवळपास बंद केला आणि स्ट्राइक झोनच्या (फलंदाजासमोरच्या वैध चेंडूच्या चौकटीच्या) वरच्या भागात फोर-सीम (सरळ, वेगवान) फास्टबॉल टाकायला लावला. २०१८ ला २.८८, २०१९ ला २.५० आणि ३२६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज). हात तोच, खांदा तोच. पिट्सबर्गचा त्या काळचा नेम एकच : चेंडू खाली ठेवा, फलंदाजाला जमिनीवर मारायला लावा. त्या नेमात कोल बसत नव्हता, म्हणून तो ‘घसरलेला’ दिसत होता.

मग ३१ जुलै २०१८. संघाने नुकतेच सलग ११ सामने जिंकले होते, त्या झिंगेत टॅम्पा बेकडून क्रिस आर्चर हा पिचर घेतला. दिले टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि ‘नाव नंतर सांगू’ असा एक खेळाडू. तो नंतर निघाला शेन बॅझ, २०१७ च्या ड्राफ्टमधला १२ वा. पिचर ग्लासनाउला आपण बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्येच येणाऱ्या पिचरांत) बसवलं होतं. टॅम्पा बेच्या रेजनी त्याला सुरुवातीचा पिचर केला आणि तोच वरचा फास्टबॉल व कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकायला सांगितलं. मेडोजने २०१९ मध्ये ३३ होमरन मारले. आणि आर्चर? २०१९ ला ईआरए ५.१९, २०२० ला शस्त्रक्रियेमुळे एकही चेंडू नाही, पुढे करार वाढवलाच नाही. म्हणून ट्रेड झाला की ‘आपल्याला कोण मिळालं’ याच्यासोबतच विचारा : समोरचा संघ आपल्या पिचरला काय वेगळं टाकायला लावणार आहे? उत्तर क्लबला माहीत नसेल तर त्याला विकायची घाई करू नये. प्रीस्टरच्या वेळी हा प्रश्न कुणी विचारला नाही.

स्कीन्सला कधीच विकू नये असं आमचं म्हणणं नाही. तो राहणार नाही हे दिसू लागलं, तर पहिला विचार २०२७ च्या हंगामानंतरच्या हिवाळ्यात करावा, दोन पूर्ण वर्षं हातात असताना. त्याहून उशीर केला तर किंमत झपाट्याने उतरते. हंगामाच्या मध्यावर घेतलेल्या खेळाडूला नवा क्लब क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराचा ठरावीक प्रस्ताव) देऊ शकत नाही, म्हणजे तो सोडून गेल्यावर भरपाईची ड्राफ्ट निवडही मिळत नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षातल्या जुलैमध्ये बोली आणखी खाली येते.

दुसऱ्या गटाकडे, म्हणजे ‘संघ विका’वाल्यांकडे वळू. नटिंग २००७ पासून मुख्य मालक आहेत. १९९३ ते २०१२ सलग वीस पराभूत हंगाम, मग २०१३ ते १५ ही तीन चांगली वर्षं, आणि ९८ विजय मिळवलेल्या २०१५ नंतर एकदाही प्लेऑफ (बाद फेरी) नाही. २०२५ मध्ये उजव्या कुंपणावरची, क्लबचा दिवंगत महान खेळाडू रॉबेर्टो क्लेमेंटे याची २१ क्रमांकाची पाटी काढून तिथे दारूची जाहिरात लावली, कुटुंबाने नाराजी दाखवल्यावर ती परत आली. राग येणारच. पण मालकाला ‘विक’ म्हणून घोषणा देण्याने तो विकत नाही. त्याला नेमक्या कलमात पकडावं लागतं.

ते कलम असं. प्रत्येक क्लबच्या स्थानिक निव्वळ उत्पन्नाचा ४८ टक्के भाग एका सामायिक निधीत जातो आणि तिसांत सारखा वाटला जातो. ज्याचं उत्पन्न कमी, त्याला निव्वळ फायदा. हे पैसे संघाची मैदानावरची कामगिरी सुधारायला वापरायचे, असं करारात लिहिलेलं आहे, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने चार क्लबांविरुद्ध तक्रार केली त्यांत पायरेट्स होते. वाटणीच्या दीडपट तरी खेळाडूंवर खर्च नसेल तर खुलासा क्लबने करायचा, असा दंडक आताच्या करारात आहे. हा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. पगारावर कमाल मर्यादा आणावी, ही मालकांची जुनी इच्छा. चाहत्यांपैकीही अनेक जण तिला टाळ्या देतील. द्या, पण कमाल मर्यादेसोबत किमान खर्चाची रेषा मागायला विसरू नका. नुसत्या कमाल मर्यादेने डॉजर्सचे पैसे वाचतील, पिट्सबर्गला बॅट मिळणार नाही.

आणि बॅट हीच अडचण आहे. २०२५ मध्ये पायरेट्सनी ५८३ धावा केल्या, तिसांत सर्वांत कमी. होमरन ११७, तेही सर्वांत कमी. साय यंग विजेत्याची नोंद १० विजय, १० पराभव अशी झाली ती यामुळे. या हिवाळ्यात काही हालचाल दिसली हे मान्य करायला हवं. रायन ओ’हर्नशी दोन वर्षांचा २ कोटी ९० लाखांचा करार झाला. डिसेंबरमध्ये तीन संघांच्या व्यवहारात माइक बरोज हा तरुण पिचर ह्यूस्टनला देऊन टॅम्पाकडून ब्रँडन लो, जेक मँगम आणि मेसन मॉन्टगोमेरी घेतले. लोने २०२५ मध्ये ३१ होमरन मारले. पण तो २०२६ नंतर मोकळा होणार आहे, आणि बरोज अनेक वर्षं ताब्यात राहिला असता. हा व्यवहार आम्हाला पटतो, एका अटीवर : तो ‘आत्ता जिंकायचं’ या निर्णयाचा भाग असेल तर. जुलैमध्ये चार सामने मागे पडल्यावर लोला विकून टाकणार असतील, तर बरोज फुकट गेला.

रिबिल्डबद्दल (जुने खेळाडू विकून संघ नव्याने उभारण्याबद्दल) थोडक्यातच, कारण त्यावर बरंच बोलून झालं आहे. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन नोव्हेंबर २०१९ मध्ये आले. २०२१ ला १०१ पराभव, २०२२ ला १००. ह्यूस्टनने २०११ ते १३ सलग तीन वर्षं शंभरावर सामने हरून २०१७ ला विजेतेपद मिळवलं, त्याची ही नक्कल. तेव्हा सर्वांत जास्त हरणाऱ्याला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळायची. पण नियम बदलले. ड्राफ्टच्या पहिल्या सहा जागांसाठी आता सोडत असते, तळातल्या तिघांना प्रत्येकी १६.५ टक्के संधी. २०२३ ची पहिली सोडत आपल्याला लागली आणि स्कीन्स मिळाला, हे नशीब. उत्पन्नाची वाटणी घेणाऱ्या क्लबला सलग तिसऱ्या वर्षी सोडतीत जागा नाही, बाकीच्यांना सलग दुसऱ्याही वर्षी नाही. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ ला १२१ सामने हरले आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर बसले. हरण्याचं बक्षीस आटलं आहे. ‘आणखी दोन वर्षं थांबा’ म्हणणाऱ्याला हे सांगा.

मग विचारायचं काय? सीझन तिकीट असेल तर नूतनीकरणासाठी क्लबच्या प्रतिनिधीचा फोन येतोच, त्याला विचारा. नसेल तर पत्र लिहा. ब्रायन रेनॉल्ड्सचा १० कोटी ६७ लाख ५० हजारांचा करार (२०२३) हा क्लबच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत मोठा. केब्रायन हेजला २०२२ मध्ये ७ कोटींचा आठ वर्षांचा करार दिला, जुलै २०२५ मध्ये तो सिनसिनाटीला गेला. त्याचा वाचलेला पगार कुठल्या बॅटवर लागला? स्कीन्सचा पगार आर्बिट्रेशनने २०२७ पासून वाढेल, सोटोला २०२४ मध्ये आर्बिट्रेशनच्या वर्षी ३ कोटी १० लाख मिळाले होते. त्याची तरतूद पेरोल वाढवून होणार की दुसऱ्या कुणाला काढून? आणि कॉनर ग्रिफिन, २०२४ च्या ड्राफ्टमधला नववा, अजून विशीतही न पोचलेला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) : त्याला चौरिओसारखा करार आधीच देऊ करणार का? स्कीन्सच्या वेळी गमावलेली जादा निवड या वेळी मिळवायची, तर त्याला पहिल्या आठवड्यांपासून खेळवावं लागेल. तो तयार नसेल तर तसं उघड सांगा, पण दिवस मोजून त्याला इंडियानापोलिसमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये, अडकवून ठेवू नका.

आपले,
पायरेट्सचे काही मराठी चाहते